सोळा माणसांची जागा

१

भूमिती कधी खोटं बोलत नाही. साक्षीदार फितूर होईल, कागदाला वाळवी लागेल, राज्यंही बदलतील. पण चौरसाच्या चार बाजू प्रलयापर्यंत एकमेकींसारख्याच राहतील. सावळीच्या मराठी शाळेचे हेडमास्तर मारोतराव हे पोरांना बावीस वर्षं सांगत आले होते. शाळेत दुसरा मास्तर नव्हता म्हणून ते हेडमास्तर होते. आणि त्या बावीस वर्षांत फळ्यावरच्या आकृतींखेरीज जगातली एकही वस्तू त्यांनी मोजली नव्हती. त्यांच्या कोटाचं मापसुद्धा फय्याज शिंपी घ्यायचा, आणि मास्तरांना वाईट वाटू नये म्हणून पोटाकडे दरवर्षी बोटभर कापड न सांगता वाढवायचा.

सावळी शेलूबाजारपासून दोन कोसांवर. गावाला विहिरी तीन, पिंपळ चार आणि जाजम एक. ही जाजम सोळा हात लांब, सोळा हात रुंद, जाड छापील कापडाची, चारी बाजूंनी लाल काठ लावलेली. माणसाला मांडी घालून, उपरणं सोडून, शेजाऱ्याच्या कोपराशी भांडण न होता बसायचं तर दोन हात लांब, दोन हात रुंद जागा लागते. त्या हिशेबानं जाजमेवर चौसष्ट माणसं बसत. त्यामुळे गावात आमंत्रणं मोजायचं मापच जाजम होतं. किती जणांना बोलावलं, असं विचारलं की उत्तर यायचं, ‘जाजमभर.’ गरीब असला तर अर्धी जाजम. यापुढे आकडे कुणाला लागत नसत.

जाजमेची राखण करायला चावडीतल्या खुंटीवर एक दोरी होती. तिला हाताहाताच्या अंतरावर गाठी, एकूण चौसष्ट. कुणाच्या घरी कार्य असलं की जाजम जाताना तिच्या काठाभोवती दोरी फिरवायची, परत आली की पुन्हा फिरवायची. गाठी पुऱ्या भरल्या की जाजम पुरी. कापड चोरणारा कडेनंच कापणार, आणि कडेनं कापलं की काठ तुटणार, हा यामागचा विचार. आणि चाळीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. काठ चौसष्ट हात, बसणारी माणसंही चौसष्ट. त्यामुळे काठाचा एक हात म्हणजे एक माणूस, ही गोष्ट सावळीत सूर्य पूर्वेला उगवतो तितकी पक्की होती.

एकोणीसशे चौतीस सालच्या माघात, एका गुरुवारी, नानाजी पाटलांच्या पुतण्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, चावडीच्या नव्या पडवीत ठरलं. माणसं जाजमभर बोलावली. अट्ठेचाळीस बसली, आणि जाजम भरली.

उरलेले सोळा जण पागोटी सावरत अंगणात उभे राहिले. त्यांत शेलूबाजारचे धान्याचे व्यापारी मोहनसिंग होते, ज्यांनी हे लग्न जमवलं होतं. कुणीतरी त्यांना ज्वारीचं पोतं आडवं करून दिलं. ते त्यावर बसले नाहीत, फक्त त्याच्याकडे पाहत राहिले.

“पाटील,” ते म्हणाले, “चौसष्ट बोलावले, अट्ठेचाळीस बसवले. आमच्या सोळा जनायची जागा कोनं खाल्ली?”

पाटलांनी बसलेल्यांना उठवलं आणि कोतवाल जगदेवला दोरी आणायला सांगितली. जगदेवनं ती काठाभोवती सावकाश फिरवली. मग उलट्या बाजूनं फिरवली. गाठी चौसष्ट भरल्या. काठ एका बोटानं कमी नव्हता.

जाजम पुरी होती, आणि सोळा माणसांची जागा गेली होती.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांनी मास्तरांना चावडीत बोलावलं. मंगरूळला पोलिसांत कळवायचा विचार झाला होता, पण फिर्यादीत चोरीचा माल काय लिहायचा यावर गाडी अडली. जमादार आला असता, कोंबडी खाऊन गेला असता, आणि जाताना त्यानं वेड्याकडे पाहावं तसं आपल्याकडे पाहिलं असतं, हे पाटलांना दिसत होतं. उलट मास्तरांजवळ पितळी कंपासपेटी होती, आणि पोस्टानं येणारी रहस्यकथांची पातळ पुस्तकं ते वाचतात हे सगळ्या गावाला माहीत होतं, कारण पोस्टमन ती आधी वाचायचा.

पाटील आपल्या नव्या, पांढऱ्या अभ्र्याच्या गादीवर बसले होते. नव्या पडवीत आल्यापासून त्यांचा रुबाब चार बोटं वाढल्यासारखा वाटत होता. बोलता बोलता ते ताठ झाले तेव्हा वर टांगलेल्या कंदिलाला त्यांचं पागोटं लागलं. त्यांनी कंदिलाकडे रागानं पाहिलं आणि तो जरा वर टांगायला सांगितलं.

हकीकत अशी होती. जुन्या चावडीत चौरस जाजम बरी बसायची. नवी पडवी पंचवीस हात लांब आणि जेमतेम आठ हात रुंद निघाली. तिथं जाजम अंथरली की अर्धी अंगणात जायची आणि तिच्यावर शेळ्या येऊन बसायच्या. म्हणून पाटलांनी ती फय्याजकडे दिली होती. पडवीत मावेल अशी लांबट कर, काठ मात्र एक बोट कमी झाला नाही पाह्यजे, असं बजावलंही होतं. आठ दिवसांनी जाजम परत आली. दोरी लागली. चौसष्ट भरली.

“म्हंजे हात लागला तो फय्याजचाच,” पाटील म्हणाले. “पन काठ तं पुरा हाये. चोर दिसते, चोरी दिसत नाई. तुमी शिकलेले मानूस. पाहा बापा आता.”

मास्तरांनी विचारलं, घाई किती आहे?

पाटलांनी खाली पाहिलं. घाई होती. येत्या शुक्रवारी, जुम्म्याला, फय्याजच्या लेकीचा, लतीफाचा, निकाह होता. मंगरूळहून सादिकमियां मुलाला घेऊन वरात आणणार होते. जाजम त्या घरी जायची ठरलेली होती. पण मोहनसिंग काल सगळ्यांदेखत बोलून गेले होते, की चोरी उघडी पडेपर्यंत जाजम चावडीबाहेर गेली तर ते पाटलांच्या पुतण्याच्या लग्नातून अंग काढून घेतील. आणि ही गोष्ट मंगरूळपर्यंत पोचायला बैलगाडीही लागत नव्हती. ज्या शिंप्याच्या घरी गाव आपली जाजम देत नाही, त्याच्या घरातून सादिकमियां सून नेतील का, हे सांगता येत नव्हतं.

मास्तर उठले. त्यांच्या कोटाच्या डाव्या खिशात फय्याजनं स्वतःहून लावलेलं खडू ठेवायचं अस्तर होतं. त्यांनी तपास तिथूनच सुरू करायचं ठरवलं, आणि त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

३

फय्याजचं दुकान म्हणजे घराची ओसरी. एक मशीन, एक कात्री, आणि आत जायच्या दारावर पडदा. मास्तर आलेले पाहून त्यानं स्टूल पुसलं आणि सवयीनं त्यांच्या पोटाकडे नजर टाकली.

मास्तरांनी वही उघडली. रहस्यकथांमधले तपासनीस करतात तशी त्यांनी आधी थोडी शांतता पाळली. फय्याजला वाटलं मास्तरांना बरं नाही. त्यानं पाणी आणवलं.

काठ उसवला का? उसवला. पुन्हा लावला का? लावला. नवा काठ जोडला? एक धागा नाही. काठाचा तुकडा उरला? तोही नाही. ज्या चौसष्ट हातांनी काठ उतरला, त्याच चौसष्ट हातांनी चढला. फय्याज हे सगळं शांतपणे सांगत होता. कात्री मात्र तो उगाच उघडत-मिटत होता.

“मास्तरसाब,” तो शेवटी म्हणाला, “माह्या बापानं त्या जाजमेचा पहिला काठ लावला. मी तिच्यातून चोरीन? लतीफाले त्याच जाजमेवर बसवाचं हाये मले.”

मास्तरांनी वहीत पाहिलं. मग त्यांनी काठाबद्दलच आणखी दोन प्रश्न विचारले.

तेवढ्यात पडद्याआडून अमीनाबीचा आवाज आला. ती फय्याजची बायको. गावातल्या निम्म्या बायकांची चोळी तिच्या हातची, आणि बोलणंही तसंच नेमकं बेतलेलं.

“सारे येते अन काठाचंच पुसते,” ती म्हणाली. “कपड्याचं कोनी पुसत नाई.”

“अमीना,” फय्याज म्हणाला, आणि ती गप्प झाली.

हे मास्तरांनी लिहून घेतलं नाही, कारण त्यांना ते बायकांचं कुरकुरणं वाटलं. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. पडद्याच्या फटीतून त्यांना आत एक भलंमोठं गाठोडं दिसलं, माणसाच्या गुडघ्याइतकं उंच. त्यात काय आहे, असं त्यांनी विचारलं. फय्याजनं मान खाली घातली. अमीनाबी दोन पावलं चालत गेली, त्या गाठोड्यावर बसली, आणि मास्तर निघून जाईपर्यंत उठली नाही.

४

जगदेव कोतवालाची जबानी चावडीच्या पायरीवर झाली. जाजम राखायचं काम त्याचं, त्यामुळे संशय घ्यायचा तर त्याच्यावरही घेता येत होता. जगदेवला हे कळल्यावर तो जरा खूश झाला. आजवर त्याच्यावर कुणी एवढा मोठा संशय घेतला नव्हता.

फय्याजनं जाजम आणून दिली त्या दिवशी काय काय आलं, ते मास्तरांनी त्याला एकेक करून सांगायला लावलं. जगदेवची स्मरणशक्ती चांगली होती, कारण तिच्यावर कधी फार भार पडला नव्हता. त्यानं बोटांवर मोजत सांगितलं. जाजम आली, घडी करून. मापाला नेलेली दोरी आली. जाजमेत विसरलेली दोन दाभणं आली, ती त्यानं परत नेऊन दिली. पाटलांची गादी आली. आणि अमीनाबीनं त्याच्या बायकोसाठी सुपारीची पुडी पाठवली होती, तीही आली.

“फय्याज काही बोलला?”

“बोलला ना. म्हने, पाटलाले सांगजो, गावचं होतं ते सारं यात आलं, घरी चिंधी ठेवली नाई. मी पाटलाले सांगतलं, सारं आलं.”

मास्तरांनी सगळं उतरवून घेतलं आणि ‘दोन दाभणं’ या शब्दांखाली दोन रेघा ओढल्या. दाभण हे हत्यार आहे. बाकीच्या गोष्टी त्यांना तपासाच्या दृष्टीनं किरकोळ वाटल्या.

जाताना त्यांनी जाजम स्वतः पाहिली. चोवीस हात लांब, आठ हात रुंद. एका टोकापासून सोळा हातांवर आडवी जोड होती, इतकी बारीक टाक्यांची की हात फिरवल्याशिवाय कळू नये. चोवीस, आठ, चोवीस, आठ. चौसष्ट. मास्तरांनी बेरीज तीनदा केली आणि तिन्ही वेळा ती बरोबर आली, यानं त्यांची उमेद आणखी खचली. पडवीत अट्ठेचाळीस माणसं चार-चारच्या ओळीत बसली होती, बारा ओळी. बाहेर सोळा. भूमिती खोटं बोलत नव्हती. फय्याजही खोटं बोलत नव्हता, हे मास्तर शपथेवर सांगायला तयार होते. मग सोळा माणसं गेली कुठं?

रविवार उलटला. सोमवारी बातमी आली की सादिकमियांनी मंगरूळहून माणूस पाठवलाय. तो फक्त विचारायला आला होता, की जाजमेचं काय झालं.

५

मंगरूळच्या माणसाला पाटलांनी बुधवारपर्यंत थांबवून घेतलं. जेवणखाण चांगलं होतं, तोही थांबला.

मंगळवारी मास्तर तिसऱ्या संशयिताकडे गेले. ही सोजरबाई. चावडी सारवायचं काम तिच्याकडे होतं, आणि जाजम अंथरायच्या आधी खालची जमीन शेणानं सारवायची, म्हणजे धूळ कापडाला लागत नाही, अशी गावची पद्धत. साक्षगंधाच्या दिवशी जाजमेला शेवटचा हात तिचाच लागला होता. ती साठीला आलेली होती आणि उकिरड्याजवळ शेणाचा गोळा थापत बसली होती. मास्तरांना पाहून तिनं हात धुतले नाहीत.

मास्तरांनी विचारलं, त्या दिवशी सारवताना काही वेगळं वाटलं का?

“वेगळं काय वाटाचं? शेन वाचलं.”

“म्हणजे?”

“म्हंजे शेन वाचलं, मास्तर. पहिले त्या जाजमेखाली मले चार घमेले शेन लागे. चाळीस साल झाले, चारच. या बारीले तीनातच झालं. एक घमेलं घरी आनलं, हे काय, थापून राह्यली.” तिनं गोवरीवर हात मारला. “काहून, ते बी चोरीत लिहिता काय?”

मास्तरांनी गोवरीकडे पाहिलं. ते परत फिरले, चार पावलं गेले, पुन्हा आले आणि म्हणाले, “सोजरबाई, तीनच घमेली? नक्की?”

“मले मोजता येत नाई का?” ती म्हणाली. आणि खरंच, सावळीत मोजता येणारं ते पहिलंच माणूस त्यांना भेटलं होतं.

घरी येऊन मास्तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. त्यांची बायको गोमतीबाई चिंच फोडत होती, पुढ्यात चिंचोक्यांचा ढीग होता. मास्तरांनी तिच्याकडे पायजम्याची नाडी मागितली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली असल्यामुळे तिनं कारण विचारलं नाही.

मास्तरांनी नाडीची टोकं बांधून तिचा वेढा केला. तो जमिनीवर ठेवून चार कोपरे ओढले आणि चौरस केला. आत चिंचोके मांडले. चाराच्या चार ओळी, सोळा चिंचोके, अगदी काठोकाठ. मग चिंचोके बाजूला काढून त्यांनी तीच नाडी लांबट केली. सहा लांब, दोन रुंद. गोमतीबाईनं चिंचोके परत मांडायला घेतले. सहाच्या दोन ओळी झाल्या. तिच्या हातात चार उरले.

“नाडी तं तेवढीच हाये,” ती म्हणाली.

“तेवढीच.”

तिनं नाडीची लांब बाजू दोन्ही हातांनी आणखी ओढली. आतली जागा बारीक होत गेली. तिनं आणखी ओढली, तेव्हा दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या आणि आतले सगळे चिंचोके बाहेर पडले. नाडी तेवढीच, आत काहीच नाही.

“अशी जाजम केली असती फय्याजभाऊनं,” गोमतीबाई म्हणाली, “तं दोरी पुरी भरली असती अन बसाले एक मानूस बी मावला नसता.”

मास्तरांनी तोंडातल्या तोंडात पाढे म्हटले. सोळा सोळा दोनशे छप्पन्न. चोवीस आठे एकशे ब्याण्णव. चार घमेली आणि तीन घमेली. क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी, हे त्यांनी बावीस वर्षं पोरांकडून खड्या आवाजात म्हणवून घेतलं होतं, आणि स्वतः मात्र चार दिवस बाजूंची बेरीज करत बसले होते.

“हे तं तुमी पोरायले रोज म्हनवता,” गोमतीबाई म्हणाली. तिचा आवाज शाळेपर्यंत पोचत नसला तरी शाळेचा आवाज रोज तिच्यापर्यंत पोचायचा.

मास्तरांनी वही काढली. आता जे गेलं होतं त्याला आकार आला होता. दोनशे छप्पन्नातून एकशे ब्याण्णव गेले, उरले चौसष्ट चौरस हात. आठ हात लांब, आठ हात रुंद असा एक तुकडा, बिनकाठाचा, एका घमेल्याचा, सोळा माणसांचा. हवेत तर गेला नसेल. त्यांनी जगदेवची जबानी पुन्हा वाचली. या वेळी दोन दाभणांवरून त्यांची नजर पुढे सरकली आणि पुढच्या ओळीवर थांबली. मग त्यांना पाटलांच्या डोक्याला लागलेला कंदील आठवला.

त्यांनी वही मिटली. उद्या कुणाला काय म्हणावं लागणार आहे, हे त्यांना कळलं होतं.

६

बुधवारी दुपारी चावडी भरली. मोहनसिंग मुद्दाम गाडी जोडून आले होते आणि या वेळी त्यांना पहिल्या ओळीत जागा दिली होती. मंगरूळचा माणूस होता. फय्याज खांबाला टेकून उभा होता. अमीनाबी आणि सोजरबाई बाहेरच्या ओट्यावर. पाटील मधोमध, गादीवर. कंदील वर टांगला होता.

मास्तरांनी खिशातून नाडी काढली तेव्हा थोडं हसणं झालं. चिंचोके काढले तेव्हा थांबलं. त्यांनी चौरस करून सोळा मांडले, लांबट करून बारा मांडले, उरलेले चार मोहनसिंगांच्या हातावर ठेवले. मोहनसिंगांनी ते स्वतः पुन्हा मांडून पाहिले, कारण ते व्यापारी होते. मग जगदेवनं मांडले. मग कुणीतरी नाडी खोटी आहे म्हणालं, म्हणून दुसरी नाडी आणली गेली. तीही तशीच निघाली.

“काठ सारखा म्हणजे जागा सारखी नव्हे,” मास्तर म्हणाले. “पाटलांनी सांगितलं, पडवीत मावली पाहिजे आणि काठ कमी-जास्त व्हायला नको. आठ हात रुंद पडवीत चौसष्ट हात काठाची एकच जाजम होते, चोवीस हातांची. फय्याजनं हुकूम जसाच्या तसा पाळला. जाजमेचे दोन भाग केले, एक पुरा ठेवला, दुसरा मधून तोडला, त्याचा अर्धा जोडला. ती जोड अजून दिसते. दुसरा अर्धा उरला. त्याला काठ नव्हता, म्हणून गावाच्या दोरीला तो दिसला नाही.”

“अन तो कोठी हाये?” मोहनसिंगांनी विचारलं.

मास्तरांनी घसा साफ केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना शाळेच्या इन्स्पेक्टरपेक्षा मोठ्या माणसाला काही करायला सांगायचं होतं.

“पाटील,” ते म्हणाले, “जरा उठता का?”

नानाजी पाटलांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मग हळूच, जसं चटका बसणाऱ्या तव्यावरून उठावं तसे, उठले. मास्तरांनी पांढऱ्या अभ्र्याचे टाके कंपासच्या टोकानं उसवले. आत छापील कापड होतं. जगदेवनं घडी उलगडायला घेतली. दोन हातांची चार हात झाली, चाराची आठ, तशीच दुसऱ्या अंगानंही. सोळा पदर होते. पाटलांच्या आसनाखालून सोळा माणसांची जागा निघाली आणि पडवीबाहेर अंगणात पसरली.

कुणी हसलं नाही. हसायला नंतर घरी जाऊन वेळ होता.

पाटील फय्याजकडे वळले. “अरे, सात दिवस झाले, तुह्या लेकीचं कार्य अडकलं, अन तू बोलला कायले नाई?”

“पयले सारं आलं म्हनून जगदेवभाऊजवळ सांगतलंच होतं,” फय्याज म्हणाला. “गावचं कापड घरी ठेवाव कसं? उघडं फडकं पाटलाच्या पुढं टाकाव कसं? म्हनून घडी केली, माह्या घरचा अभ्रा चढवला. मंग हे झालं. पुसाले आले ते काठाचं पुसाले आले, म्या काठाचं सांगतलं. अन कपड्याचं सांगाव तं तुमी बसले होते त्याच्यावर. मोहनसिंगसेठच्या समोर कसं म्हनू, का तुमची जागा आमच्या पाटलाच्या बुडाखाली हाये?”

“मी म्हनत होती,” ओट्यावरून अमीनाबी म्हणाली. “यायनंच म्हनू नाई देल्लं.”

पाटलांनी डोक्यावरचं पागोटं काढलं, झटकलं, परत घातलं. सावळीत याला माफी म्हणत. मोहनसिंग अंगणात उतरले, आठ हातांच्या तुकड्याभोवती एक चक्कर मारली आणि मधोमध मांडी घालून बसले. त्यांनी दोन्ही बाजूंना हात फिरवून पाहिला. उठले, जगदेवला म्हणाले, धर तिकडून, आणि स्वतः एक टोक धरून तो तुकडा फय्याजच्या घरी पोचवायला निघाले. मंगरूळचा माणूस त्यांच्या मागून जाजम घेऊन गेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मास्तरही गेले, कारण एक गोष्ट अजून राहिली होती. फय्याजच्या ओसरीत त्यांनी पडद्याकडे पाहत त्या गाठोड्याबद्दल विचारलं. अमीनाबीनं ते बाहेर आणून उलगडलं. लतीफासाठी शिवलेली गोधडी होती ती. वीस वर्षं गावाच्या कपड्यांतून उरलेल्या चिंध्यांची. उरलेल्या चिंध्या शिंप्याच्या, हा सगळीकडचाच रिवाज. पाटलांचं बाराबंदीचं कापड होतं, गोमतीबाईचा खण होता, सोजरबाईचं लुगडं होतं. एका कोपऱ्यात मास्तरांच्या आठ कोटांचे आठ त्रिकोण एका टोकाला मिळवून लावले होते.

“सब का हाये त्याच्यात,” अमीनाबी म्हणाली. “तुमाले दाखवली असती तं साऱ्या गावाले पहिलेच कळलं असतं. बाकी काय.”

मास्तरांनी त्या त्रिकोणांवर हात फिरवला. पाया गुणिले उंची, भागिले दोन, असं त्यांच्या मनात आलं. पण त्यांनी ते मोजलं नाही.

गुरुवारी चावडीत ठराव झाला. यापुढे जाजम मोजताना दोरी तर लावावीच, शिवाय सोजरबाईला घमेली विचारावीत. फय्याजनं रात्री न झोपता, पण दिवसा दोनदा डुलकी घेऊन, त्या तुकड्याला बत्तीस हात नवा लाल काठ लावला, कारण बिनकाठाच्या कापडावर कुणी बसेल याची सावळीला अजून खात्री नव्हती. जुम्म्याच्या सकाळी सोजरबाईनं फय्याजचं अंगण सारवलं, तीन घमेली इकडे आणि एक तिकडे. लांब जाजम अंथरली, तिच्या शेजारी चौरस तुकडा अंथरला. मास्तरांनी मोजून सांगितलं, बरोबर चौसष्ट माणसांची जागा.

निकाहाला एकूण एकोणचाळीस माणसं आली.